नकाशातली पायवाट

नकाशा मीच काढला. मी शामकांत, राहणार भिंगार, वीस वर्षं मोजणीत घालवलेला शहाणा माणूस. भंडारदऱ्याच्या वर एका वाडीत बारा घरकुलं बांधायची होती आणि त्यांची जागा माझ्या नकाशावरून ठरणार होती.

वैशाखात गेलो. चढउताराच्या रेषा ड्रोनवरून मिळतात, पण ओढे आणि वाटा चालूनच बघायच्या असतात. डोंगरउतारावर दगडगोट्यांची एक कोरडी पट्टी होती. बाया हंडे घेऊन तिच्यातूनच ये-जा करत होत्या. मी पायवाट म्हणून तुटक रेघ ओढली.

तिथे रतनबाई भेटली. तिच्या मुलाला, मच्छिंद्रला, घरकुल मंजूर होतं.

"सायेब, ही वाट न्हाई. वढा हाय ह्यो."

"मग पाणी कुठंय, आजी?"

"धा-बारा वर्सांनी येतंय, पन लई येतंय. वर जाऊन बगा, कडा कसा कोरलाय."

वर जायला तासभर लागला असता. ऊन मी म्हणत होतं, गुडघे कुरकुरत होते, खाली जीप थांबलेली. "बघतो," म्हणालो आणि सरळ खाली उतरलो. ऑफिसात बसल्यावर दिसलं, ड्रोनच्या रेषा तिथे आत वळल्या होत्या, ओढ्यापाशी वळतात तशा. झाडांमुळे चूक आली असेल म्हणून मी त्या सरळ करून टाकल्या. नकाशा देखणा झाला. सपाट जागा, शेजारी पायवाट. बाराही घरकुलं तिथेच बसली.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टात ओढा आला, भर दुपारी. माणसं भातखाचरात होती म्हणून वाचली. मच्छिंद्रची सहा वर्षांची सृष्टी तेवढी तापाने घरात निजली होती.

फेरमोजणीला मलाच पाठवलं. नको म्हणायला तोंड नव्हतं. या वेळी कड्यापर्यंत चढलो, काठी टेकत रतनबाई पुढे. तास नाही, चाळीस मिनिटं लागली. कडा खरंच कोरलेला होता. आंधळ्यालाही हाताने कळला असता.

"आजी, तुमचं ऐकायला हवं होतं मी."

ती पाठ फिरवून उतरायला लागली. मला वाटलं, निदान शिव्या तरी घालायच्या.

खाली येऊन निळी रेघ ओढली. ओढ्याचं नाव गावाला विचारून लिहायचं असतं. मोठ्या मुश्किलीने विचारलं.

"नाव नव्हतं," ती म्हणाली. "आता समदी सृष्टीचा वढा म्हनत्यात. लिवा."

मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. कागदावर वाकून बराच वेळ बघत राहिली.

"ह्या खेपंला बराबर लिवलं ना, सायेब?"