न झोंबणारा डाग

शीलाच्या लग्नाची बोलणी खडवलीच्या मंडळींशी जवळजवळ ठरलेली, आणि नेमका तेव्हाच तिच्या दंडावर रुपयाएवढा पांढुरका डाग उमटला. आत्याने, म्हणजे रंगूबाईने, कपाळावर हात मारला. "कोड! कुणाला कळलं तर संपलंच सगळं." तेव्हापासून शीलाची डोंबिवली गच्चीपुरती उरली.

उपाय आत्याचाच. कोडाचं औषध डागावर चोपडायचं, भर दुपारी उन्हात बसायचं आणि झोंबेस्तोवर उठायचं नाही. झोंबलं म्हणजे गुण आला, हे आत्याचं शास्त्र. शेजारणी डोकावू नयेत म्हणून ती गच्चीच्या दाराला बाहेरून कडी घालायची. डाग काही झोंबत नव्हता. पण उन्हाने जीव नकोसा झाला की शीला "आई गं!" म्हणून किंचाळायची, आणि कडी निघायची. हे खोटं तिच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं.

मग एक दिवस डागावर टम्म फोड आला. आत्या घाबरली. ओळखीचं कुणी भेटायला नको, म्हणून शीलाला थेट दूरच्या टेंभी नाक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी दंड उजेडात धरला. "औषध कडेला पसरलंय तिथे लालबुंद. डागावर मात्र लाली नाही, नुसता फोड. उन्हाने कातडी लाल व्हायला आतल्या, स्पर्श कळवणाऱ्या नसांचाही हातभार लागतो. इथल्या नसा बधिर झाल्यात की काय? तसं असेल तर हे कोड नाही, कुष्ठरोग. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण उशीर केलात तर बोटं वाकतील."

आत्याचा चेहरा पडला. "छे हो डॉक्टर! तिला झोंबतं ना. रोज ओरडते."

शीला मनाशी हिशेब करू लागली. कोड म्हटलं तर पुन्हा गच्ची. दुसरं नाव निघालं तर खडवली गेलीच, शिवाय घरात ताट-वाटीही वेगळी होणार. जायचं कुठे माणसाने?

"डोळे मीट," डॉक्टर म्हणाले. "मी कापूस लावीन. लागला की हो म्हण."

तिने डोळे मिटले. कापूस कधी आला, कधी गेला, काही कळेना. तेवढ्यात कमरेला हळूच चिमटा बसला. आत्याचा. "हो," शीला म्हणाली. पुन्हा चिमटा, पुन्हा "हो".

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि त्या एका शब्दाने तिला संताप अनावर झाला. हात तिचा होता, बोटं तिची वाकणार होती.

पुढचा चिमटा बसला तशी तिने डोळे उघडले.

"डॉक्टर, कापूस मला कळतच नाहीये. आत्या चिमटा काढते, तेव्हा मी हो म्हणते."