घोळीच्या कातडीचा शोधनिबंध

गिरण्यांचा संप होऊन दीड दशक लोटले तरी परळच्या त्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून थंड धुराडीच दिसत. कालिंदी गुप्ते हल्ली तिकडे पाहतही नसे. सोमवारी प्राध्यापकपदाची मुलाखत होती, आणि तिची सारी मदार एका शोधनिबंधावर होती. घोळ माशाच्या ताज्या कातडीतून कोलॅजेन हे प्रथिन काढून तिने एक पातळ पापुद्रा बनवला होता. भाजलेल्या जखमेवर तो ठेवला की त्याच्या आधाराने नवी त्वचा धरते आणि तोवर तो विरत नाही, असे तिने दाखवले होते. देशोदेशीचे संशोधक त्या निबंधाचा हवाला देत. तिच्या बाकीच्या कामाची कोणी दखल घेतली नव्हती.

शुक्रवारी कोचीहून एका डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, अगदी तुमच्याच पद्धतीने करतोय. ताजीच कातडी घेतो. पण आमचा पापुद्रा लगेच विरतो. पुढच्या महिन्यात रुग्णांवर वापरायचाय. तुम्ही आणखी काही करता का?"

ती आणखी काहीच करत नव्हती. म्हणूनच ती लालबागच्या बाजारात शेवंतीकडे गेली. शिवडी कोळीवाड्याची शेवंती पहिल्यापासून तिला कातडी पुरवत आली होती. नवऱ्याची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. तेव्हापासून घर शेवंतीच्या पाटीवर चालले होते.

"शेवंतीबाई, माझा मोठा प्रयोग चालू होता, ती आषाढातली कातडी आठवते? ताजीच होती ना?"

"आषाढात ताजी घोळ?" शेवंतीला हसू आले. "होऱ्या काठाला ओढलेल्या असतात गो बाय! पुनवेला नारळ दिल्याबिगर कोन जातं दर्यात?"

"मग मला काय दिलंत?"

"बर्फातली. मीठ लावून ठेवलेली." शेवंतीने आवाज उतरवला. "तुझा शिपाई बोलला, माल नाय तर काम बंद. आमच्या ह्यांची गिरणी अशीच चार दिवस बंद म्हणून बंद झाली. म्हटलं, माझ्यापायी तुझं नको बंद पडायला. चांगली धुऊन आणली, वास म्हणून नाय ठेवला. बिघडलं काय?"

"नाही," कालिंदी म्हणाली. दुसरे काय म्हणणार? त्या आषाढात तिच्या दादरच्या घरी रोज सुकट शिजत होती, आणि ताजी मासळी नाही म्हणून सासूबाई कुरकुरत होत्या. ते ताट पुढे ओढून ती जेवली होती आणि सकाळी प्रयोगशाळेत येऊन 'ताजी कातडी' असे लिहीत होती.

विभागप्रमुख शरच्चंद्र वर्दे यांनी सगळे ऐकून घेतले. चष्मा काढून डोळे चोळले.

"सोमवार जाऊ दे. मग कोचीला सांग, नियतकालिकाला कळव. खोटं बोल असं कोण म्हणतंय? लोकांनी हवाला दिलाय, एवढं तरी खरं आहे ना?"

"तो हवाला धरूनच ते रुग्णांवर वापरणार आहेत, सर."

"पुढच्या महिन्यात, कालिंदी! आणि ही जागा पुन्हा कधी निघेल, सांगता येत नाही. मी तर तोवर निवृत्त झालेला असेन."

त्यांचे म्हणणे स्वार्थाचे नव्हते, हे तिला ठाऊक होते. म्हणून तर ते मोडून काढायला जड गेले. तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढून कोचीला लावला. "तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "चूक माझ्या निबंधात आहे. थांबवा."

सोमवारी निवड समितीच्या अध्यक्षांनी सुरुवातच त्या निबंधापासून केली. असा प्रभाव फार थोड्यांच्या वाट्याला येतो, असेही ते म्हणाले. कालिंदीने त्यांना पुरते बोलू दिले. मग काय घडले ते सांगितले.

"म्हणजे तो टिकाऊपणा मिठामुळे आला?" एका सदस्यांनी विचारले.

"मिठामुळे की बर्फामुळे, मला माहीत नाही."

"आणि हे शोधायला?"

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. पुढचे प्रश्न सौजन्याचे होते आणि लवकर संपले.

शरच्चंद्र जिन्याशी उभे होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना विचारावे लागले नाही.

"निदान मिठामुळे असावं, एवढं तरी म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"तेही मी कधी तपासलेलं नाही, सर," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली.