साध्या कुप्या

संस्थेत तिला सगळे थायरॉइडबाई म्हणत. अकरा वर्षं ती एकाच कामाला चिकटून होती. सकाळी कत्तलखान्यातून मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथी यायच्या. त्यांचे कागदासारखे पातळ काप करायचे, कोमट क्षारजलाच्या कुप्यांत सोडायचे आणि ते किती प्राणवायू खातात ते मोजायचं. निम्म्या कुप्यांतले काप आधी पिट्युटरीच्या उत्तेजक हार्मोनमध्ये बुडवलेले, निम्मे साधे. हार्मोन मिळालं की काप खडबडून जागे होत, भराभरा साखर जाळू लागत आणि कुपीला जोडलेल्या नळीतला रंगीत द्रव वर चढे. साध्या कुप्या मात्र ढिम्म.

गेले पाच महिने साध्या कुप्याही जाग्या होत होत्या. हार्मोनइतक्या नाही, पण होत होत्या, कुणी न उठवता. तिनं क्षारजल बदललं, तापमान तपासलं, पुन्हा मोजलं. शेवटी बिचकतच तिनं विभागप्रमुखांना आलेख दाखवला. सर कौतुक तोलूनमापून करणारे. त्यांनी आलेख दोनदा पाहिला आणि सोमवारच्या परिषदेत हे तिनंच मांडावं, असं सांगितलं. तिच्या नावावर, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. घरी जाऊन तिनं बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, छानच की, पण आत्ता लेकीचा अभ्यास घेतेय, नंतर बोलू. तो फोन काही आला नाही.

शुक्रवारी काका आले. काका म्हणजे तिचे मदतनीस, पाच महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले. खणात राहिलेली चष्म्याची डबी न्यायला आलोय म्हणाले, पण डबी टेबलावर ठेवून स्टुलावर ऐसपैस बसले. घरी सून कपबशीला हात लावू देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तीस वर्षं काचेत काढलेल्या माणसाला स्टीलचा पेला! ती हसली. या खोलीत आपला आवाज तिनं बऱ्याच दिवसांनी ऐकला. बोलता बोलता हात चालूच होते. हार्मोनचे काप कुप्यांत गेले, चिमटा टिपकागदावर पुसला आणि ती साध्या कापांकडे वळली.

"बाई, साध्यांना तुमचा हात?"

"मग कुणाचा? तुमच्या जागी माणूसच दिला नाही."

"चिमटा तरी दुसरा घ्यायचा."

"पुसला की."

"पुसलात, हो," काका म्हणाले. थोड्या वेळानं उठून गेले.

ती चिमट्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं साध्या कुप्या काकांच्या, त्यांचा चिमटाही वेगळा. हार्मोनच्या बाजूला ते फिरकतही नसत. तिला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटे. ते निवृत्त झाल्यावर त्यांचा चिमटा तिनं खणात टाकला, एकटीला दोन कशाला म्हणून. काप जागे करायला या हार्मोनचा थेंबही लागत नाही, पुसून उरतं तेवढं पुरतं. हे तिनं कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

तिनं जुना चिमटा काढला, उकळला, त्याला पांढरा दोरा बांधला. उरलेल्या ग्रंथीचे ताजे काप केले. हार्मोन उजव्या हातानं, साधे डाव्या हातानं, अवघडत. मग दोन तास ती नळ्यांसमोर बसून राहिली. उजवीकडचा द्रव चढला. डावीकडचा जागचा हलला नाही.

काकांना परिषदेचं ठाऊक नव्हतं आणि सरांना चिमट्याचं. नळ्या धुऊन टाकल्या असत्या तर तिसऱ्या कुणाला कळलंही नसतं. तिनं आकडे वहीत उतरवले आणि वही घेऊन सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवारी दुसऱ्या कुणाला उभं करू म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "माणूस का नाही मागितलात?"

"वाटलं, एकटीनं होतंय."

ती परत आली तेव्हा डावीकडच्या नळ्या तशाच होत्या, जिथल्या तिथे. काकांची डबीही टेबलावरच राहिली होती. तिनं ती खणात टाकली नाही. फोनशेजारी ठेवली आणि त्यांचा नंबर फिरवला.