शनिवार कधी उजाडतो

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर वर्षी हरिनाम सप्ताह बसतो. आमच्या ह्यांनी सुरू केला, ते गेल्यापासून मी चालवते. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा कोणाच्या तरी हातात असते. खाली टेकवायची नाही. एकोणतीस वर्षांत टेकली नाही. ज्याला जमेल तसा त्याचा वीणा धरायचा पहारा मी माझ्या चौथीच्या अक्षरात वहीत लिहायचे.

यंदा नात श्रुतिका म्हणाली, "आजी, मी प्रोग्राम लिहिते. रोजचं वेगळं पान छापून मिळेल." पवईला कॉम्प्युटरवर बसते ती. म्हटलं, शिकलेल्यांनाही एकदा संधी द्यावी.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपारी पानं हॉलच्या दारावर लावली. माझा पुतण्या बाळा ती वाचून तणतणत आला.

"काकी, मला दोनदा कशाला लावलंस? शुक्रवारी रात्री अकरा ते बारा, परत शनिवारी रात्री बारा ते एक. शनिवारी मी गोरेगावला लग्नात असणार. तो तास दुसऱ्या कोणाला दे."

"मेल्या, मी तुला एकदाच लिहिलंय. शुक्रवारी रात्री अकरा ते एक."

वही काढून दाखवली. मग दारावरची दोन्ही पानं काढून शेजारी धरली. शुक्रवारी बाराच्या ठोक्याला हा बाबा घरी गेला असता. पुढचा तासभर वीणा कोणाच्या हातात?

श्रुतिकाला बोलावलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे ना! रोजचं पान हवं, म्हणून प्रोग्राम रात्री बाराला पहारा तोडतो. उरलेला तास शनिवारच्या पानावर, सगळ्यात वर. शनिवार तिथेच सुरू होतो."

"तुझ्या मशीनचा होत असेल. काय रे बाळा, शनिवारी रात्री बारा म्हणजे कधी?"

"शनिवारची जेवणं झाल्यावर. आणखी कधी?"

"ऐकलंस? आमचा दिवस उजाडल्यावर बदलतो. बाराला नको, सकाळी सहाला तोड."

तिने कुरकुर न करता एक आकडा बदलला. बाळाचे दोन्ही तास शुक्रवारच्या पानावर एकत्र आले.

"पण आजी, आता तुझाच पहारा तुटला गं. पाच ते सात. अर्धा आधीच्या पानावर, अर्धा पुढच्या."

"तुटू दे. मी दोन्ही पानं वाचते."

शुक्रवारी बाळा एकपर्यंत हलला नाही. शनिवार उजाडला तेव्हा वीणा माझ्या हातात होती.