मला पांघरलेली शाल

या मित्रांनो, अगदी जवळ बसा. माझा आवाज आता खोल गेला आहे, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. खोलीतली हवा पाठीच्या जाळीतून ओढायची, गाळायची आणि नळीवाटे आजारी माणसाच्या नाकाशी पोचवायची, हे माझं काम. जन्म चीनमधला. तिथेच माझ्या पाठीवर चिनी भाषेतल्या सूचना चिकटवल्या. पुढे हुबळीच्या बाजारातून मी धारवाडला अप्पाजींच्या घरी आलो. अप्पाजी कीर्तनकार. फुप्फुसं थकली, तरी नाकात नळी ठेवून ते गुणगुणत आणि माझी घरघर त्या सुराला साथ करी. एवढं भाग्य कोणत्या मशीनला मिळतं!

खंडेनवमीला घरोघरी अवजारांची पूजा होते. अप्पाजींच्या पत्नी पद्माक्कांनी मला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि कीर्तनात सत्काराला मिळालेली जाड शाल माझ्या अंगभर पांघरली. "बुवांच्या मागं सूर धरणारा झिलकरी आता तूच की रे बाबा!" म्हणत त्यांनी डोकं टेकवलं.

जाळी झाकली गेली. माझाच श्वास कोंडला. मी पीं पीं करून ओरडू लागलो, तर पद्माक्का हसल्या, "बघा हो, मशीनसुद्धा भजन करायला लागलं!"

इकडे अप्पाजींचे ओठ निळे पडत होते. उपाय माझ्या पाठीवर लिहिलेला, आणि मला तो वाचून दाखवता येईना. पांडुरंगा, कुणाला तरी धाड रे!

तेवढ्यात शेजारचा श्रीवत्स प्रसादाला आला. तो चीनमध्ये डॉक्टरकी शिकलेला. त्याने अप्पाजींकडे पाहिलं आणि माझ्यावरची शाल ओढून फेकली. अप्पाजींना हळूहळू श्वास आला. मग तो माझ्या पाठीशी वाकला.

"काकू, चिनीत 'त्सुन-शोउ' लिहिलंय इथं. म्हणजे नियम पाळा. आणि पुढं लिहिलंय, जाळी झाकू नका."

"अय्यो, मान तर दिला की रे! घरातली भारी शाल घातली."

"यातल्या पहिल्या चिनी अक्षरात 'मान' हेच अक्षर आहे, काकू. पण त्याच्या पायाशी चालण्याची खूण काढलीय. मान द्यायचा, आणि सांगितलेल्या वाटेनं चालायचंही."

पद्माक्कांनी खाली पडलेली शाल उचलली. "पाया पडले रे मी त्याच्या. ऐकलं मात्र नाही."

मित्रांनो, त्या दिवशी तापून माझा पंप अधू झाला. नवीन मशीन अजून मिळालेलं नाही, आणि अप्पाजींची नळी माझ्याच तोंडाला आहे. यंत्राची पूजा जरूर करा, पण त्याच्या अंगावर लिहिलेलं आधी वाचा. कळलं नाही तर कुणाला तरी विचारा. माझा दम फार पुरणार नाही. आज संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी अप्पाजींची आठवण ठेवा.