पासावरचं कारण

अर्जुनरावांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा मांडीवर आडवा धरला, त्यावर फुलस्केप कागद ठेवला आणि कोपऱ्यात तारीख टाकली. १९७४ हा आकडा त्यांनी दोनदा गिरवला. थेरगावातल्या त्या एका खोलीत बसायला एकच सतरंजी होती, ती त्यांना दिली होती. कस्तुरा भिंतीला टेकून, पोटावर उशी धरून बसली होती. हॉस्पिटलातून येऊन तिला पाच दिवस झाले होते.

"सोमवारी गेटवर हेच वाचून दाखवायचं," अर्जुनराव म्हणाले. "युनियन गप्प बसणार नाही, वहिनी. बायको रक्तात पडलेली आणि फोरमन बाहेर पडायला पास देत नाही, म्हणजे काय?"

कस्तुरानं मान हलवली. फोरमनला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण या पाच दिवसांत त्याला पोटभर शिव्याशाप दिले होते. पाचवा महिना होता. सकाळी दहाला कळ आली. शेजारच्या छबूबाईनं कंपनीच्या गेटवर निरोप धाडला आणि तिला टेम्पोत घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी साफ करावी लागेल, नवऱ्याची सही आणा. मग सगळे नवऱ्याची वाट बघत बसले. बारा वाजले, दोन वाजले. दार वाजलं की ती मान उचलून बघायची. रक्त थांबेना तेव्हा कुठं डॉक्टरांनी सासूचा अंगठा घेतला. तोवर पिशवीच काढायची वेळ आली होती. आता पुन्हा काही होणार नव्हतं.

ज्योतीराम चार वाजता आला, शिफ्ट संपवून. फोरमननं पास दिला नाही म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी, तिला धड शुद्ध यायच्या आत, नळावरून भरल्या घागरी आणायला तुला कुणी सांगितलं होतं, असं विचारून मोकळा झाला. तेव्हापासून त्यानं तिच्याकडं बघितलं नव्हतं.

आत्ताही तो दारात पाठमोरा उभा राहून सायकलच्या साखळीला तेल घालत होता.

"जाऊ द्या ना अर्जुनराव," तो तिकडूनच म्हणाला. "झालं ते झालं. कशाला गावभर करायचं?"

कस्तुराला नवल वाटलं. पाच दिवस फोरमनच्या नावानं दात-ओठ खाणारा हाच.

"तुझं झालं असेल," अर्जुनराव म्हणाले. "उद्या दुसऱ्याचं होईल. फोरमन तर उलट बोंबलतोय, ह्यानं खोटं कारण सांगितलं म्हणून. बरं, वहिनी, हॉस्पिटलात सोबत कोण होतं? साक्षीला नाव लागेल."

स्टोव्हपुढं बसलेल्या म्हातारीनं चहा उतरवला. ती दिवाळीनंतर करमाळ्याहून आली होती.

"मी व्हते," ती म्हणाली. "अंगठा मीच दिला."

"बरं झालं. आई, तुमचं नाव सांगा. वहिनींच्या आई ना तुम्ही?"

"सुभद्राबाई. ज्योत्याची आई मी."

पेन कागदावर थांबलं. अर्जुनरावांनी आधी म्हातारीकडं पाहिलं, मग दाराकडं. साखळीचा आवाज बंद झाला होता.

"ज्योतीराम," ते हळूच म्हणाले, "गेल्या चैत्रात आम्ही मशिनी बंद करून दोन मिनिटं उभे होतो की रे. मी टोपी काढून उभा होतो."

तो आठवडा कस्तुराला आठवला. चऱ्होलीकडच्या जत्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. ज्योतीराम गुलालानं माखून घरी यायचा. सुट्टी मिळाली, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

"मी कशानं मेले म्हनं?" म्हातारीनं विचारलं.

तिनं कपबशी अर्जुनरावांपुढं सरकवली, दुसरी सुनेच्या हातात दिली. तिसरी दाराकडं धरली.

"घे. मेल्या बाईच्या हातचा चालंल का तुला?"

ज्योतीरामनं कप घेतला नाही. कस्तुरानं आपला कप जमिनीवर ठेवला.

"त्या दिवशी फोरमनला काय सांगितलंत?"

"तुला काय करायचंय?"

"काय सांगितलंत?"

"आई आजारी हाय म्हनलो." तो वळला. "तो हसला. म्हणाला, तुझी आई किती वेळा मारतोस? सगळे हसले. मी परत मशिनीवर गेलो. बस?"

"निरोप तर माझा आला होता."

"दहा-बारा गडी उभे होते तिथं! त्यांच्यापुढं ते बायकांचं तोंडातनं काढायचं व्हय? वर्षभर चिडवलं असतं मला. तुझं काय जातंय घरात बसून बोलायला."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. अर्जुनरावांनी पेनाला टोपण घातलं. खरं कारण सांगितलं असतं तर फोरमननं पास दिला असता, हे त्यांनाही कळलं होतं. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला, मधोमध फाडायला.

"फाडू नका, भाऊ," कस्तुरा म्हणाली. "मागं कोरा आहे."

तिनं कागद मागून घेतला, डबा मागून घेतला. भिंत धरून उठली. म्हातारी आधार द्यायला पुढं झाली, तिला तिनं हातानंच थांबवलं. चार पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. कागदाची कोरी बाजू वर करून तिनं डबा नवऱ्याच्या पुढ्यात, उंबऱ्यावर ठेवला.

"फोरमनला सांगायचं राहिलं, ते लिहा. सोमवारी गेटवर तुम्हीच वाचा."

"डोकं फिरलंय तुझं."

"सही पण करा. तेवढीच पाहिजे होती."

ज्योतीरामनं अर्जुनरावांकडं पाहिलं. अर्जुनरावांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं धरलं आणि चपला घालायला वाकले.

तो उंबऱ्यावर बसला. बोटांचं तेल कागदाला लागलं. 'माझ्या' एवढं लिहून त्याचा हात अडकला.

कस्तुरा चौकटीला टेकून खाली बसली, अगदी त्याच्यासमोर.

"लिहा," ती म्हणाली. "त्या दिवशी थांबले होते. आज पण थांबते."