टाकीला न जोडलेली तिघं

मधलीचं डोकं सकाळपासून पिकलं होतं. टेकडीवरच्या टाकीतून वसाहतीतल्या प्रत्येक इमारतीला पाणी पोचवायचं, तेही कमीत कमी खर्चात, आणि आराखडा साहेबांना संध्याकाळी हवा. त्यात उतारावर पाणी आपोआप येतं, उलट चढवायचं तर पंप लागतो. जायचा खर्च वेगळा, यायचा वेगळा.

"सोपं आहे हो," साहेब म्हणाले होते. "ज्याला जिथून स्वस्त पडेल, तिथून द्या."

तिने दिलं. बेरीज झकास आली. मग नकाशावर बोट फिरवलं आणि तिने कपाळाला हात लावला. शाळेला पाणी दवाखान्यातून, दवाखान्याला लॉण्ड्रीतून, लॉण्ड्रीला शाळेतून! टाकीतून तिघांकडे थेंबही येत नव्हता.

चिडून तिने टाकीपासूनचा सगळ्यात स्वस्त पाइप लॉण्ड्रीला जोडला, तर खर्च भडकलाच. लॉण्ड्रीचा आधीचा पाइप जवळजवळ फुकटात पडत होता, तोच तिने काढला होता. नुसती नव्या पाइपची किंमत बघून भागत नाही, जुना सोडल्यावर जादा पैसे किती जातात ते बघायचं, हे कळेपर्यंत डबा गार झाला. शाळेचा टाकीपासूनचा नवा पाइप महाग होता, पण जुनाही महागच. तिथे ते चक्र तोडलं की फरक सगळ्यात कमी. हे साहेबांना कोण समजावणार!

तेवढ्यात दादाचा फोन.

"मधले, आई बरी आहे ना गं?"

"बरी आहे. धाकटी म्हणाली."

"धाकटीला तर मीच सांगितलं."

"आणि तुला कोणी?"

"तूच नाही का मागे म्हणालीस?"

तिने दादाचा फोन ठेवला. एकट्या राहणाऱ्या आईला फोन करायचा म्हणजे तासभर गुडघे आणि शेजारीण ऐकायची. भावंडांना विचारलं की दोन मिनिटांत सुटका. तिला तिघांचाही संताप आला, सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने आराखडा बाजूला सारून आईला फोन लावला. घंटा वाजतच राहिली.

"थांब गं," आई एकदाची बोलली. "डाव्या हाताने उचलायचं म्हणजे वेळ लागतो."

"उजव्याला काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरले, हात मोडला. तुम्ही कामात असता. म्हटलं, कुणाचा फोन आला की सांगू."

"अगं, कधी घसरलीस?"

"आता काय त्याचं! उद्या प्लॅस्टर काढायचंय."